किचनरचं मोठं काम परतल्यानंतरचं

कॅरिबियन स्थलांतरितांना ब्रिटनला आणणाऱ्या 'एम्पायर विंडरश' बोटीतून १९४८ साली उतरताना लंडनचं गाणं गाणारा, एवढीच त्रिनिदादचा गायक-गीतकार लॉर्ड किचनर याची ओळख सहसा सांगितली जाते. ते गाणं गोडच आहे, पण किचनरची थोरवी तिथे संपते हे मला अजिबात पटत नाही. त्रिनिदादमधल्या अरिमाच्या लोहाराचा हा मुलगा, पोरवयातच पोरका झाला. जलवाहिन्या टाकणाऱ्या मजुरांसमोर गाऊन पैसे मिळवायचा. बोलताना अडखळायचा, गाताना मात्र कधीच नाही!

या ओळखीत राहून गेलेली गोष्ट म्हणजे स्टीलपॅन. तेलाच्या पिंपांपासून बनलेल्या या वाद्याचे वादक गरीब वस्त्यांमधले, त्यांना गुंड समजलं जायचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मायदेशी परतल्यावर किचनरने पॅनवर खुलतील अशा चाली मुद्दाम बांधल्या. १९६३ ते १९७६ दरम्यान त्याची गाणी १० वेळा कार्निव्हलची 'रोड मार्च', म्हणजे मिरवणुकीत सर्वाधिक वाजलेलं गाणं, ठरली. १९८७ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर, त्याने 'पॅन इन ए मायनर' केलं आणि डेस्परॅडोज या स्टीलपॅनच्या वाद्यवृंदाने त्यावर पॅनोरमा ही स्टीलबँडची स्पर्धा जिंकली. मूळ गाण्यानंतर लगेच पॅनवरचं ऐका, त्यातले खर्जाचे पॅन तर केवळ अप्रतिम.