वारा पडला की महाराष्ट्र अंधारात? काहीही!

लोणंदकर: 'पवनचक्क्या म्हणजे डोंगरावरची शोभा, वारा पडला की वीज गुल, त्यापेक्षा आपला कोळसा बरा' ही पोस्ट कालपासून इथे फिरतेय आणि खाली 'अगदी सहमत'ची रांग लागलीय. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

वारा बेभरवशाचा आहे हे नाकारतंय कोण? वेग निम्मा झाला तर वीज निम्मी नाही, आठव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच कुणी एकट्या वाऱ्यावर ग्रीड चालवत नाही. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येकात किती वीज होईल याचा अंदाज कळव्याच्या भार प्रेषण केंद्राला, म्हणजे राज्याच्या विजेचा तोल सांभाळणाऱ्यांना, द्यावा लागतो. २०१८ चे नियम आहेत, ठरलेल्या मर्यादेपलीकडे चुकलात की दंड. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे सौर मंदावतं, नेमकं तेव्हाच सह्याद्रीवर वारं जोरात असतं.

आणि तुमचा भरवशाचा कोळसा? परळीचं औष्णिक केंद्र २०१५ ला बंद ठेवावं लागलं, कारण पाणी नव्हतं. ऑक्टोबर २०२१ ला कोळसाच पोचेना म्हणून देशभरातली केंद्रं धापा टाकत होती. वारा निदान आदल्या दिवशी सांगून पडतो.

निवृत्त_बोर्डवाला: लोणंदकर, कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी केलीय कधी? आमचा जन्म गेला तिथे. जुलैत पाऊस कोसळतोय, शेतीपंप बंद, मागणी तळाला, आणि तिकडे वनकुसवडे नि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर वारं तुफान. मग कोळशाच्या संचांची वीज कमी करा म्हणून फोनाफोनी. कोळशाचा संच म्हणजे स्कूटर नव्हे, किक मारली की चालू. मार्च-एप्रिलला मात्र संध्याकाळी सातला एकेका मेगावॉटसाठी जीव जातो, तेव्हा तुमची पाती ढिम्म. वर्षाची सरासरी काढली की कागदावर छान दिसतं. घरातला दिवा सरासरीवर लागत नाही. पोस्टवाल्याचं काय चुकलं?

कोयनाकाठ: काका, वीज बोर्डात होतात आणि पोफळीचं कोयनेचं जलविद्युत केंद्र विसरलात? कोयना १९६० मेगावॉटची. विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी दिलंय आणि ते वर्ष १ जूनला सुरू होतं. जुलैत वारं आहे तोवर पोफळीला हात आखडता घ्या, तेच पाणी तुमच्या मार्चच्या संध्याकाळी सोडा.

निवृत्त_बोर्डवाला: आणि ऑगस्टमध्ये धरण भरलं की सहाही दरवाजे उघडतात, ते पाणी काय तुमच्या गच्चीवरच्या टाकीत साठवायचं?

कोयनाकाठ: दरवाज्यांचं पाणी कराडकडे जातं, पूर्वेला. ते पश्चिमेच्या कोट्यात धरत नाहीत. हे मी तुम्हाला सांगायचं?

माणदेशी_बाळू: तुमचं मेगावॉट ऱ्हाऊ द्या बाजूला. चक्क्यांनी पाऊस पळवला त्याचं काय? २००३ च्या दुष्काळात आख्ख्या गावानं डोळ्यांनी बघितलंय. पठाराकडनं ढग भरून यायचे, चक्क्या फिरायला लागल्या की फाटायचे. यावर कुणी बोलत नाही.

हवामान_वेडी: आलंच! बाळूदादा, चक्की जेमतेम शंभर मीटरची, पावसाचा ढग काही किलोमीटर उभा. माण-खटाव पर्जन्यछायेत आहे ते सह्याद्रीमुळे. १९७२ च्या दुष्काळात पठारावर एक तरी चक्की होती का? आणि २०१९ ला सांगली बुडाली तेव्हा चक्क्या रजेवर होत्या?

माणदेशी_बाळू: पुण्यात बसून अक्कल शिकवू नका ताई. ऐन आषाढात चाळकेवाडीच्या पठारावर चक्कीखाली उभ्या ऱ्हायलाय कधी? ढग पात्याच्याही खाली असतोय. चक्की दिसत नाही, नुसता सूं-सूं आवाज. पातं खाली आलं की धुकं कापल्यालं दिसतंय, परत भरून येतंय. किलोमीटर कुणाला सांगताय?

हवामान_वेडी: त्या धुक्याने दहिवडीत पाऊस पडत नसतो. आणि मी पुण्यात नाही, कोरेगावात राहते.

लोणंदकर: धागा विजेवर आहे हो! पावसासाठी वेगळा काढा.

पठारवासी: लोणंदकर, जरा थांबा, हे विजेचंच आहे. पाऊस कुणी पळवला नाही, पण जमीन पळवली. एजंट आला, आज्ज्याला म्हणाला, "खडकावर पिकतंय काय?" आणि किरकोळ पैशात अंगठा घेऊन गेला. कुणाचा एजंट ते सांगत नाही. वर्षभरात घराच्या डोक्यावर चक्की फिरायला लागली आणि खाली वाडीत रोज रात्री लोडशेडिंग. आई चुलीच्या उजेडात भाकरी थापायची, खिडकीतून चक्कीवरचा लाल दिवा दिसायचा. तिची वीज ३३ केव्हीच्या लाइनीने सबस्टेशनला जाते, वाडीला वीज देणारी लाइन, म्हणजे फीडर, वेगळा, हे मला डिप्लोमाला गेल्यावर कळलं. वाडीला कुणी सांगितलंच नाही. मग लोक म्हणायला लागले, पाऊसही यांनीच नेला. बाळूदादा चुकतोय, पण त्याला हसू नका.

माणदेशी_बाळू: मी चुकत नाही. जमिनीचं बरोबर बोललात.

घसारा_पंडित: भरवसा वाऱ्याचा नाही, मालकाचा नव्हता. २००२ पर्यंत पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा, म्हणजे चक्कीची सगळी किंमत करपात्र नफ्यातून वजा, पुढे ८० टक्के. ज्यांनी आयुष्यात डोंगर चढला नाही त्यांच्या नावे चक्क्या उभ्या राहिल्या. कर वाचला, काम संपलं. फिरली तर फिरली. गिअरबॉक्स गेला की जुनं ३५० किलोवॉटचं मशिन महिनोन्‌महिने तसंच, कारण सुट्या भागांवर खर्च करणार कोण? पर्यटक येतात, फोटो काढतात आणि म्हणतात, आज वारा नाही वाटतं!

लोणंदकर: पोस्टवाल्याने हे लिहिलं असतं तर मीही 'सहमत' ठोकलं असतं. त्याने शिव्या वाऱ्याला घातल्या.

निवृत्त_बोर्डवाला: कोट्याचा हिशेब मान्य, तोही अर्धाच. मार्चची संध्याकाळ कोयनेनं काढली, चक्कीनं नाही. म्हणजे भरवशाची कोयनाच.

कोयनाकाठ: आणि मार्चपर्यंत कोट्यातलं पाणी उरलं कुणामुळे?

निवृत्त_बोर्डवाला: पावसामुळे.

माणदेशी_बाळू: म्हणजे पळवलेला पाऊस तिकडं गेलाय तर!