मदत हवी आहे: बफेंचं शेताचं गणित कंपनीला लावताना 'टिकवण्याचा खर्च' कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

हडपसर ते भोसरी कंपनीच्या बसमधून जाता-येता अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांची भागधारकांना लिहिलेली पत्रं वाचतोय. १९७७ पासूनची त्यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. बरंचसं समजलं, पण एका जागी पार अडकलोय.

मला सगळ्यात पटलं ते २०१३ चं पत्र, कारण त्यात शेताची गोष्ट आहे. १९८६ मध्ये बफेंनी ओमाहाच्या उत्तरेला ४०० एकर शेत २ लाख ८० हजार डॉलरला घेतलं. शेतीतलं त्यांना कळत नव्हतं, मुलाला कळत होतं. मका-सोयाबीन किती निघेल, खर्च किती येईल हे त्याच्याकडून समजून घेतलं, तर साधारण १० टक्के परतावा पडत होता. घेतलं आणि ठेवलं. २८ वर्षांनी उत्पन्न तिप्पट आणि किंमत पाचपटीच्या वर. तेवढ्या काळात ते शेतावर गेले फक्त दोनदा.

आमची सासवडला अंजिराची बाग आहे, म्हणून वडिलांना हे मराठीत सांगून दाखवलं. बांधावर येऊन शेजारी रोज नवा भाव ओरडला म्हणून कुणी शेत विकत नाही, हा मुद्दा त्यांना लगेच पटला. मग म्हणाले, "अरे, पण ठिबकच्या नळ्या दर काही वर्षांनी बदलाव्या लागतात. ते पैसे बाजूला काढल्याशिवाय नफा कसला धरतोस?"

नेमकं हेच बफेंच्या १९८६ च्या पत्रात आहे. नफ्यात घसारा (यंत्रं-इमारती झिजतात म्हणून हिशेबात दरवर्षी नफ्यातून कापलेली रक्कम) परत मिळवायचा आणि धंद्याची स्पर्धेतली जागा व उत्पादन आहे तिथेच टिकवायला यंत्रं-इमारतींवर दरवर्षी सरासरी जो भांडवली खर्च लागतो, म्हणजे 'टिकवण्याचा खर्च', तो वजा करायचा. उरतं ती मालकाची खरी कमाई. १९७२ मध्ये अडीच कोटी डॉलरला घेतलेल्या सीज कँडीज या चॉकलेटच्या कंपनीला वाढायला फार भांडवल लागलं नाही. उलट बफेंची कापडगिरणी १९८५ मध्ये बंद झाली, तेव्हा सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरची यंत्रसामग्री जेमतेम १ लाख ६३ हजारांना गेली.

आता माझी अडचण. मी टूलरूममध्ये काम करतो, डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) प्रेसच्या किती स्ट्रोकनंतर घासते हे रोज बघतो. म्हणून वाहनांचे सुटे भाग करणारी एक सूचिबद्ध कंपनी अभ्यासाला घेतली. सोप्या आकड्यांत सांगायचं तर नफा १०० कोटी, घसारा ६० कोटी, यंत्रं-इमारतींवरचा खर्च १४० कोटी, बाजारमूल्य १५०० कोटी. टिकवण्याचा खर्च ६० धरला तर खरी कमाई १०० कोटी, म्हणजे शेअर १५ पटीला (बाजारमूल्य कमाईच्या १५ पट). सगळे १४० धरले तर कमाई २० कोटी, म्हणजे ७५ पटीला! वार्षिक अहवालात जुनी डाय बदलणं आणि नवी प्रेस लाइन टाकणं एकाच ओळीत मिसळलेलं असतं. वेगळं कसं काढायचं?

इंडेक्स फंड (निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड) सुचवणाऱ्यांना आधीच सांगतो, ती एसआयपी चालू आहे आणि ती बंद करणार नाही. पत्नीसाठी ठेवायच्या रकमेपैकी ९० टक्के अशाच फंडात घालायची सूचना बफेंनी त्याच २०१३ च्या पत्रात दिली आहे. पण आईच्या निवृत्तीच्या रकमेतले चार लाख तिने विश्वासाने माझ्या हाती दिलेत. पीपीएफचे ७.१ टक्के सोडायचे तर कशाच्या आधारावर, हे मला तिला नीट समजावता आलं पाहिजे. शेअरची नावं नकोत, पद्धत सांगा.

प्रतिसाद १

एका वर्षावरून ठरवू नका. दहा वर्षांचा खर्च आणि घसारा शेजारी-शेजारी मांडा, आणि त्याखाली विक्रीचे नग. रुपये नकोत, नगच घ्या, कारण पोलादाचा भाव वाढला तरी विक्री फुगते. नग वाढले नाहीत त्या वर्षांतला खर्च बहुतेक टिकवण्याचाच. २०२०-२१ मात्र सावधपणे बघा, गरजेची दुरुस्तीही पुढे ढकललेली असू शकते. घसारा जुन्या किमतीवर निघतो, तेव्हा तीच प्रेस आज घ्यायला जास्त पैसे लागतील हेही धरा. कंपनी कॉनकॉल (निकालानंतर गुंतवणूकदारांशी फोनवरची चर्चा) घेत असेल तर त्याचं शब्दांकन बीएसई-एनएसईवर मिळतं. 'मेंटेनन्स कॅपेक्स (म्हणजे हाच टिकवण्याचा खर्च) किती?' असं कुणी ना कुणी विचारलेलं असतं.

धागाकर्ता

मनापासून आभार. नगांचं मला सुचलंच नव्हतं. काल रात्री सहा वर्षांचे अहवाल काढून बसलो. तीन वर्षं नग जवळपास तेवढेच, आणि खर्च सरासरी ९५ कोटी. म्हणजे खरी कमाई ६५ च्या आसपास, शेअर २३ पटीला. परतावा साडेचार टक्क्यांच्याही खाली! १४० मधून ९५ गेल्यावर उरलेल्या ४५ कोटींतून नग खरंच वाढतायत का, हे आता तपासतोय. तोवर आईचे पैसे आहेत तिथेच राहतील. त्या ४५ कोटींवर मिळणारा परतावा कसा मोजायचा, हे कुणी सांगेल का?