बॅटरीवरची फिनिश नेलर गन : १६ गेज घ्यावी की १८ गेज?

खाडीकाठचा सुतार (वेंगुर्ले)

नमस्कार मंडळी. गेली चौदा वर्षे मी वेंगुर्ले-मालवण भागात घरांच्या आतील लाकडी कामे घेतो. दाराच्या चौकटीभोवतीच्या मोल्डिंग पट्ट्या, फॉल्स सीलिंगची बॉर्डर, कपाटांची बिडिंग आणि क्वचित जुन्या घरातील माजघराच्या तक्तपोशीची दुरुस्ती असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. आजवर ही कामे मी कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या, ५० मिलिमीटरपर्यंतचे बारीक खिळे मारणाऱ्या एफ-५० गनने केली. मात्र पावसाळ्यात ऐन कामाच्या वेळी लाईट जाते, माळ्यावर नळी ओढत नेताना रंग दिलेल्या भिंतीला ओरखडे पडतात, आणि दमट हवेमुळे टाकीत साचलेले पाणी नळीवाटे गनमध्ये उतरून आतले भाग गंजतात. म्हणून आता बॅटरीवर चालणारी फिनिश नेलर, म्हणजे सजावटीच्या पट्ट्यांना बारीक खिळे मारणारी गन घ्यावी असे ठरवले आहे.

सध्या एकच गन घेणे परवडणार आहे. लाकूड बहुतेक वेळा साग, कधी फणस, आणि अलीकडे एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) तयार पट्ट्याही येतात. १६ गेज घ्यावी की १८ गेज (गेज म्हणजे खिळ्याच्या जाडीचे माप; आकडा मोठा तितका खिळा बारीक), आणि आतली यंत्रणा कोणत्या प्रकारची असावी, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

सागाचा रंधा (रत्नागिरी)

नमस्कार. माझ्या मते गन निवडण्याआधी खिळा निवडावा, कारण पट्टी धरून ठेवतो तो खिळा.

१८ गेजचा खिळा साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि १६ गेजचा साधारण १.६ मिलिमीटरचा. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु खिळ्याचा आडवा छेद जवळजवळ पावणेदोनपट होतो आणि त्याचा ताठपणा तर त्याहूनही अधिक वाढतो. जुन्या, मुरलेल्या सागात १८ गेजचा ५० मिलिमीटर खिळा कठीण शिरेला लागून वाकतो आणि कधी पट्टीच्या कडेतून बाहेर येतो, हे आपण एफ-५० वापरताना अनुभवले असेलच. पट्टी धरणारा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा अधिक अंतरावर ठेवायचा, तो याच कारणासाठी. याउलट बारीक बिडिंगमध्ये किंवा एमडीएफच्या कडेजवळ १६ गेज मारला तर पट्टी फुटण्याची भीती असते, आणि त्याचे भोक पुट्टीने भरल्यावरही पॉलिशखाली दिसत राहते.

लांबीच्या बाबतीत मी एक हिशोब पाळतो. खिळ्याचा निदान दोन तृतीयांश भाग मागच्या लाकडात गेला पाहिजे, म्हणजे १५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीला ४५ ते ५० मिलिमीटरचा खिळा लागतो. तुमच्या कामाच्या वर्णनावरून मी १८ गेज सुचवीन. बिडिंग, बॉर्डर आणि एमडीएफ मिळून तुमच्या कामाचा मोठा भाग होतो, आणि चौकटीच्या जड पट्ट्या मागे गोंद लावून १८ गेजनेही बसवता येतात. शिवाय तुमच्याकडे असलेले एफ मालिकेचे खिळे १८ गेजचेच असल्यामुळे त्याच जातीचे सरळ खिळे घेणारी गन निवडली तर जुना साठा वाया जाणार नाही. केवळ दारे-खिडक्यांची कामे करणाऱ्याला मात्र मी निःसंशय १६ गेजच घ्यायला सांगितले असते.

आता यंत्रणेविषयी. एका प्रकारात मोटर एक जड चाक फिरवते आणि त्या चाकाचा वेग खिळ्याला ठोका देतो. डिवॉल्टच्या गन या पद्धतीच्या आहेत. दुसऱ्या प्रकारात बंद नळकांड्यात दाबाखाली भरलेला वायू स्प्रिंगचे काम करतो. मिलवॉकीच्या एम १८ फ्युएल मालिकेत त्यासाठी नायट्रोजन वापरला आहे. या गनचा ठोका हवेच्या गनसारखा तत्काळ बसतो. तिसरा प्रकार पासलोडसारख्या गॅसच्या गनचा. त्या वजनाला हलक्या असतात, परंतु गॅसची नळी सतत विकत घ्यावी लागते, तिला वापराची मुदत असते आणि आतला भाग वेळोवेळी साफ करावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी नळी मिळाली नाही तर गन हातात असूनही काम थांबेल, म्हणून आपल्याकडे तो प्रकार मी घेणार नाही.

वजनाचाही विचार करावा. बॅटरीसह अशी गन पावणेतीन किलोच्या आसपास भरते, आणि सीलिंगची बॉर्डर मारताना दुपारनंतर हे वजन खांद्याला जाणवते. दुकानात गन बॅटरीसकट हातात घेऊन, हात डोक्यावर नेऊन काही वेळ धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

देवगडकर

वरील मताशी मी सहमत आहे, पण समुद्रकाठच्या कामात गंजाचा प्रश्न गेजइतकाच महत्त्वाचा आहे. साध्या गॅल्व्हनाइज्ड खिळ्यावरचा जस्ताचा थर फार पातळ असतो. खाऱ्या वाऱ्यात तो झिजला की दोन-तीन पावसाळ्यांत पुट्टीवर तांबूस ठिपका उमटतो, आणि ज्या लाकडात टॅनिन (लाकडातले तुरट द्रव्य) अधिक असते त्यात लोखंडाशी संयोग होऊन काळसर निळा डाग पसरतो. हा डाग नुसत्या पॉलिशखाली लपत नाही. पडवीत, ओटीवर किंवा खिडकीच्या बाहेरच्या अंगाला मी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच खिळे वापरतो, कारण त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे मिठापुढे ते ३०४ प्रतीच्या साध्या स्टेनलेसपेक्षा अधिक टिकतात. ते आधी सांगून मागवावे लागतात, म्हणून गन घेण्यापूर्वी तिच्या मापाचे स्टेनलेस खिळे कोठून मिळतील याची चौकशी करावी. खिळ्यांच्या पट्ट्या मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. ओल लागली की त्यांचा गोंद सुटतो आणि सुटे खिळे गनमध्ये अडकतात. अडकलेला खिळा काढताना आधी बॅटरी बाजूला करावी, हे आपल्याबरोबर काम करणाऱ्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

चिरेबंदी

एक गोष्ट राहिली. जांभ्या चिऱ्याच्या किंवा प्लास्टर केलेल्या भिंतीत ही गन खिळा बसवू शकत नाही. स्कर्टिंग किंवा भिंतीवरची पट्टी असेल तर आधी लाकडी गट्टू ठोकून किंवा स्क्रूने मागची पट्टी बसवून घ्यावी, आणि गनचा खिळा त्या लाकडात मारावा. गनची ताकद वाढवून चिऱ्यात खिळा घालण्याचा प्रयत्न केल्यास तो उलटून अंगावर येऊ शकतो.

खाडीकाठचा सुतार (वेंगुर्ले)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. १८ गेज घेण्याचे जवळजवळ ठरले. माझा ड्रिल १८ व्होल्टचा आहे, तर काही गनवर २० व्होल्ट लिहिलेले असते. याचा अर्थ त्या अधिक ताकदवान असतात का? आणि पुढेमागे १६ गेज घ्यायची झाल्यास कोणती काळजी घ्यावी?

सागाचा रंधा (रत्नागिरी)

तसे नाही. दोन्ही बॅटऱ्यांत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भारलेल्या अवस्थेतला आकडा २० च्या आसपास येतो आणि कामाच्या वेळचा १८. तुमच्या ड्रिलच्याच कंपनीची आणि त्याच बॅटरीवर चालणारी गन मिळत असेल तर बॅटरी आणि चार्जर यांचा मोठा खर्च वाचेल.

१६ गेज घेताना खिळ्यांच्या पट्टीचा कोन पाहावा. डिवॉल्टच्या डीसीएन ६६० या गनला २० अंशांत तिरप्या जोडलेल्या पट्ट्या लागतात, तर आपल्याकडे हवेच्या गनसाठी सर्रास मिळणाऱ्या टी मालिकेच्या पट्ट्या सरळ असतात आणि त्या तिच्यात बसत नाहीत. तिरप्या मॅगझिनमुळे (खिळ्यांच्या पट्टीच्या कप्प्यामुळे) कोपऱ्यात गन चांगली शिरते हे खरे, पण तसे खिळे सावंतवाडी किंवा कुडाळला नियमित मिळतात याची खात्री झाल्यावरच ती घ्यावी. आणि दुकानात चाचणी घेताना त्यांचा प्लायचा तुकडा न वापरता स्वतःच्या कामातले जुन्या सागाचे दोन तुकडे सोबत न्यावेत. त्यात ५० मिलिमीटरचे वीस खिळे सलग मारून प्रत्येकाचे डोके पृष्ठभागाखाली सारखेच बसते का, हे बोट फिरवून पाहावे.