मदत हवी आहे : कोथरूड-कर्वेनगर भागात मुलांसाठी ट्रम्पेट शिकवणारे कोणी?

चौथीतल्या मुलीसाठी घरी येऊन किंवा जवळपास शिकवणारे सर/मॅडम हवेत. आठवड्यातून एकदा, ३० मिनिटं. समोरचे कायमचे दात आलेत, ब्रेसेस नाहीत.

बँडमधले वादक उत्तम वाजवतात, पण बरेच जण कानावर शिकलेले असतात. इथे नोटेशन वाचायला शिकवणारं कोणी हवं आहे. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर कागदावर लिहिलेला सी हा सूर वाजवला की पेटीवर काळी पाच लागते. हे मुलांना नीट सांगता आलं पाहिजे. दुसरं म्हणजे, वरचा सूर काढायला माउथपीस ओठांवर दाबण्याची सवय सुरुवातीलाच मोडणारे हवेत. दाबल्यावर ओठ थरथरायचे थांबतात, दुखतात आणि सूर फाटतो. पहिल्या महिन्यात सा-रे-ग-म-प इतकंच झालं तरी चालेल. गणपतीत वाजवायची घाई नाही!

वाद्याबद्दलही सांगा. लहान हातांना कॉर्नेट (ट्रम्पेटसारखाच, पण आखूड) सोपा, कारण वजन तोंडाजवळ राहतं. पण पुण्यात भाड्याने मिळतो का? माउथपीस ७सी मापाचा घेणार आहोत. जुनं वाद्य घेतलं, तर अडकणारे व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) तेलाने सुटतील की आतला पिस्टन झिजलाय, हे दुकानात कसं ओळखायचं?

फ्लॅटमध्ये सरावासाठी म्यूट (आवाज कमी करायला वाद्यात बसवतात तो) कोणता, तेही सुचवा.