मुलाला घरची वही दाखवायची की नाही?

बार्शीची आई
मुलाला सीईटीत बरे गुण पडले. कॅपसाठी, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेसाठी, कॉलेजांचे पर्याय भरायच्या आदल्या रात्री मी घरखर्चाची वही काढून त्याच्यासमोर ठेवली. ह्यांचा पगार, घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं आणि उरतात ते. शेजारच्या पानावर त्याला हव्या असलेल्या पुण्यातल्या कॉलेजचा हिशोब. फी वर्षाला 1 लाख 38 हजार. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरती, जागा महिना 4,500, मेस 3,200, बस-प्रिंट-मोबाइल मिळून 2,000. चार वर्षांचे दहा लाख होतात, डिपॉझिट आणि लॅपटॉप वेगळे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सोलापूरचं कॉलेजपण टाकूया यादीत."

जाऊबाई म्हणतात, लेकराच्या पायात दगड बांधलास. मला तसं वाटत नाही. पर्याय भरून झाल्यावर, ॲडमिशन घेतल्यावर "आता कसं करायचं" म्हणत रडण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. तो 17 वर्षांचा आहे, बेरीज येते त्याला. तुम्हाला काय वाटतं?

कऱ्हाडचा बाप
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझ्या वडिलांनीही मला असाच हिशोब दाखवला होता. मला बी.एस्सी.ला कोल्हापूरला जायचं होतं. त्यांनी नको म्हटलं नाही, फक्त वही उघडली. मीच म्हणालो, राहू दे, इथेच आयटीआय करतो. ते वारेपर्यंत समजत होते की तो माझा निर्णय होता. बापाने वही उघडली की पोराला दुसरं काही बोलताच येत नाही.

माझ्या मुलीला मी एकही आकडा सांगितलेला नाही. हिचे दागिने ठेवून सोनेतारण कर्ज काढलं. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. तिने अभ्यास करावा, पैशाचं आम्ही बघू.

शिष्यवृत्तीचं टेबल
एका कॉलेजात बरीच वर्षं शिष्यवृत्तीचंच काम केलं, म्हणून आधी आकड्याबद्दल. ताई, तुमच्या वहीतली फी पूर्ण धरलीय. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून खुल्या वर्गाच्या मुलाची निम्मी शिक्षण फी मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलंत तर नाही. मुलींना 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसीत शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. वसतिगृह मिळालं नाही तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघा. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून पुण्यासाठी वर्षाला 60 हजार मिळतात.

पण "फी माफ" ऐकून निर्धास्त झालेले पालक मी टेबलासमोर रडताना पाहिलेत. डेव्हलपमेंट फी, खोली, जेवण त्यात येत नाही. आणि शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा जमा होतात, तोवरची सोय हाताशी हवी. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

मुलाला सांगावं का? महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज त्याच्याच नावाने भरायचा, खातं त्याचंच आधारला जोडायचं, दरवर्षी नूतनीकरण त्यानेच करायचं. ज्याला घरची गरज माहीत नसते, तो शेवटची तारीख चुकवतो. हे मी दरवर्षी पाहिलं.

मेकॅनिकल तिसरं वर्ष
मला सगळं सांगितलं होतं. पै न् पै. बापाने शेळ्या विकल्या तेही.

पहिल्या वर्षी मी मेसचा एकच वेळचा डबा लावला आणि घरी सांगितलं दोन वेळचा आहे. रात्री पार्ले-जी आणि चहा. सुट्टीला गावी गेलो की मेसला खाडा (न जेवलेले दिवस) सांगून तेवढे पैसे वळते करून घ्यायचो, ते आईला परत द्यायचो आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. दुसऱ्या सेमिस्टरला परीक्षेच्या आधी चक्कर येऊन पडलो. दवाखान्यात जे गेले ते वाचवलेल्यापेक्षा जास्त होते.

घरच्यांना दोष देत नाही. पण त्यांनी किती पैसे आहेत ते सांगितलं, कशावर मोकळेपणाने खर्च करायचे ते सांगितलं नाही. मला वाटलं, सगळंच वाचवायचं.

कऱ्हाडचा बाप
हेच मी म्हणत होतो.

बँकेतून निवृत्त, सांगली
दादा, तुमच्या सोन्याबद्दल वाईट वाटलं. शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. हप्ते कोर्स संपून वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, ते जमेल तसं आधीच भरत राहावं. नोव्हेंबर 2024 मध्ये पीएम विद्यालक्ष्मी आली. यादीतल्या संस्थांपैकी एखादीत प्रवेश असेल आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात 3 टक्के सवलत मिळते.

यात मुख्य कर्जदार विद्यार्थी, आईबाप सहकर्जदार. सही त्याचीच. न सांगता हे कर्ज निघूच शकत नाही. आणि मला ते योग्य वाटतं. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी कमवा आणि शिका म्हणून पिढ्या घडवल्या, त्या मुलांना आपल्या शिक्षणाची किंमत ठाऊक होती.

कऱ्हाडचा बाप
अण्णांचं नाव घेतलंत म्हणून लिहितो, आम्ही साताऱ्याचेच. मुलं राबत होती हे खरं. पण बोर्डिंगच्या पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. तो भार मोठ्यांनी उचलला, पोरांच्या डोक्यावर दिला नाही. वर त्या मुलाने काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. माझी मुलगी उपाशी झोपत नाही एवढं मला पुरे आहे. कर्जाची माहिती दिलीत, आभार. बँकेत विचारून येतो.

बार्शीची आई
आमचं उत्पन्न आठच्या आतच आहे, त्यामुळे फीचं पान नव्याने लिहिलं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सोमवारी काढायला टाकला.

तिसऱ्या वर्षाच्या मुलाचं वाचून रात्री झोप लागली नाही. आज मुलाला बसवून जेवणाची ओळ वेगळी काढली. दोन वेळचं जेवण, दूध, फळं, दवाखाना. खाली लिहिलं, यातला एक रुपया वाचवायचा नाही. त्याच्याकडून सही घेतली.

कऱ्हाडचे दादा, तुमच्या वडिलांचं वाचून खूप वाईट वाटलं, पण माझं मत तेच आहे. फक्त एक बदललं. वही मी एकटीने उघडली होती. काल ह्यांनी त्याला सांगितलं की पुण्याला पाठवायला आमची तयारी आहे, बँकेतही विचारू. यादीत पुणं पुन्हा वर गेलंय, सोलापूर दुसऱ्या नंबरवर. शनिवारी तिघंही बँकेत जातोय.