प्रोस्टेट, गोखरू आणि रात्रीच्या फेऱ्या
एकांनी विचारलंय की वडिलांना प्रोस्टेटच्या त्रासाने रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागतं, तर सॉ पाल्मेटोच्या (एका ताडवर्गीय झुडपाच्या फळांच्या अर्काच्या) गोळ्या आणि गोखरूचा काढा सुरू करावा का. सॉ पाल्मेटोवर पैसे घालवू नका. अमेरिकेत २००६ आणि २०११ मध्ये त्याच्या नीट चाचण्या झाल्या; दुसरीत डोस तिप्पट केला, तरी डमी गोळीपेक्षा काही वेगळं घडलं नाही. आणि ‘अपाय तर नाही ना’ म्हणून व्हिटॅमिन ई मुळीच नको. सिलेक्ट नावाच्या मोठ्या चाचणीत ते रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर डमी गोळीवाल्यांपेक्षा १७ टक्के जास्त निघाला.

गोखरू द्यायचाच तर वैद्यांना विचारून, पण आधी सोनोग्राफी आणि पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) करून घ्या. टोमॅटोचं सार खुशाल खा, लघवीची धार त्याने सुधारत नाही एवढंच.

फरक पडतो तो संध्याकाळचा चहा आणि झोपण्याआधीचं तांब्याभर पाणी कमी केल्यावर. सर्दीच्या गोळ्या मात्र जपून. काहींतल्या स्यूडोएफेड्रीनने लघवी पार तुंबू शकते. बाय द वे, वडील बीपीची कोणती गोळी घेतात? लघवी वाढवणारी असेल आणि रात्री घेत असतील, तर वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा.