सल्ला हवा: अण्णांसाठी 'येस मिनिस्टर'चा डीव्हीडी संच. कुठला घ्यावा, अन् लावायचा कशावर?

परभणीची_लेक
नमस्कार मंडळी. माझे वडील, अण्णा, महसूलमधून नायब तहसीलदार म्हणून रिटायर झाले. पुढच्या महिन्यात त्यांची पंच्याहत्तरी आहे. 2001 साली केबलवर 'जी मंत्रीजी' लागायचं, फारूख शेख अन् जयंत कृपलानीचं. ऑफिसातून कितीही वैतागून आले तरी अण्णा तेवढं बघायचे. मग त्यांच्या एका साहेबांनी सांगितलं की हे मूळ बीबीसीचं 'येस मिनिस्टर' आहे, मंत्री हॅकर अन् त्याचे सचिव सर हम्फ्री यांचं, आणि मालिकेवरचं डायरीच्या रूपातलं पुस्तक वाचायला दिलं. साहेबांची बदली झाली, पुस्तक आमच्याकडेच राहिलं. त्याची शिवण सुटलीय, वरून ऑफिसातल्याच खाकी कागदाचं कव्हर आहे. पुस्तक पाठ झालंय, पण मूळ मालिका त्यांनी कधी पाहिली नाही.

तर पूर्ण संच द्यावा म्हणते. बजेट 2500, त्याच्या वर नाही. घरात 2009 चा डीव्हीडी प्लेअर आहे, त्याचा ट्रे अडकतो. मागच्या खोलीत पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे, चालू. पुढच्या खोलीत स्मार्ट टीव्ही, पण त्यावर आईचा ताबा. अण्णांना नेटवरचं काहीही नको, रिचार्ज संपला की मलाच फोन येतो. इंग्रजी छान वाचतात, पण ते साहेबी उच्चार कानाला लागत नाहीत, म्हणून सबटायटल पाहिजेच.

बालाघाट_एक्सप्रेस
डीव्हीडी? ताई, कोणत्या जमान्यात आहात! 2500 मध्ये आजकाल काय येतंय. मी दिवाळीत 55 इंची घेतला, साउंडबार वेगळा. अण्णांना असाच एक घेऊन द्या, मागच्या खोलीत लावा, वायफाय जोडा. म्हातारी माणसं शिकतात. आमचे मामा बोलून सर्च करतात.

गंजगोलाईकर
वरच्यांना अनुमोदन, पण टीव्ही 43 इंची पुरे. आमच्याकडे जुन्या मालिकांच्या व्हीसीडी दोन गोण्या भरून होत्या. एका डिस्कवर जेमतेम सव्वा तास, मधेच उठून बदला. एका पावसाळ्यात बुरशी लागली, भंगारवाल्याने किलोवरही घेतल्या नाहीत. डिस्कच्या नादी लागू नका.

टेपवाला_नांदेड
वजिराबादेत माझी कॅसेट लायब्ररी होती, तेव्हा जरा अधिकारानं बोलतो.

पहिली गोष्ट रीजन, म्हणजे डिस्क अन् प्लेअर जगाच्या कुठल्या विभागासाठी बनवलेत ते. भारत रीजन 5 मध्ये येतो, ब्रिटन 2 मध्ये, अमेरिका 1 मध्ये. प्लेअर पलटून पाठीमागचं स्टिकर बघा. पृथ्वीगोलाचं चिन्ह असतं, त्यात 5 लिहिलंय का 'ऑल'. 'ऑल' असेल तर डोळे झाकून घ्या. 5 असेल तर पुष्कळ स्वस्त प्लेअर रिमोटवर आकडे दाबून मोकळे करता येतात, मॉडेल नंबर टाका, सांगतो. संच घ्यायचा तर ब्रिटनचाच घ्या, टीव्हीच्या चित्राची पद्धत त्यांची अन् आपली एकच, पॅल.

दुसरी, ट्रे अडकतो तो आतल्या रबरी बेल्टमुळं. सैल होतो. बेल्ट पन्नासच्या आतला. मेकॅनिक 'हेड गेलं' म्हणाला तर प्लेअर उचलून घरी आणा.

तिसरी, डिस्क किती ते मोजू नका, भाग मोजा. 'येस मिनिस्टर'ची तीन पर्वं, सात-सात-सात अन् एक तासाभराचा ख्रिसमस विशेष भाग, म्हणजे 22. त्याच्या पुढची मालिका 'येस, प्राइम मिनिस्टर', आठ अन् आठ, 16. एकूण 38. पाकिटावर 'संपूर्ण' लिहिलेलं असतं अन् आत निस्तं पहिलंच निघतं.

हिमरू_शाल
मोजा म्हणजे मोजाच! मी संभाजीनगरात बसून ऑनलाइन 'येस, प्राइम मिनिस्टर' मागवलं, उघडलं तर भलतीच माणसं. 2013 चं नवं काढलेलं निघालं, सहाच भाग, हॅकरच्या जागी डेव्हिड हेग. वाईट नाही, पण मला हॅकर म्हणून पॉल एडिंग्टन अन् हम्फ्री म्हणून नायजेल हॉथॉर्न हवे होते ना. परत घेईनात, म्हणे सील फोडलंय. सील फोडल्याशिवाय आत कोण बसलंय ते मला काय स्वप्नात दिसणार होतं? पाकिटावर जेराल्ड स्कार्फनं काढलेली लांब नाकाची व्यंगचित्रं किंवा त्या जुन्या नटांचे फोटो आहेत का बघा.

आवक_जावक
मी स्वतः 34 वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी अव्वल कारकून. ती मालिका बघायची गरजच काय, जगलोय आम्ही. त्यात एक भाग आहे, नवं कोरं हॉस्पिटल, 500 कर्मचारी, पेशंट एक नाही. इंग्रज त्याला हसतात. आमच्या तालुक्यात एक इमारत होती, दोनदा उद्घाटन झालं, डॉक्टरची ऑर्डर निघेना, पण लाइट बिल दर महिन्याला येत होतं अन् ते भरायची टिपणी मीच लिहायचो. हसू कशाचं येणार?

अन् एक सांगतो, सर हम्फ्री चूक नाही. मंत्री येतो जातो.

बालाघाट_एक्सप्रेस
बिनडॉक्टरची इमारत अन् लाइट बिल, अन् म्हणं हम्फ्री चूक नाही! ह्याच वृत्तीमुळं मराठवाडा मागं राहिला.

आवक_जावक
साहेब, किल्लारीच्या भूकंपानंतर औसा तालुक्यात चिखलात उभं राहून पंचनामे कुणी केले, मंत्र्यांनी? 55 इंचीवर बघून बोलणं सोपं असतं.

दुधना_काठ
अहो भांडू नका, ताईंच्या अण्णांची पंच्याहत्तरी आहे. माझं मत, इंग्रजी कशाला? 'ये जो है जिंदगी' बघा, 1984 चं दूरदर्शन. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, अन् सतीश शाह दर भागात नवा माणूस होऊन यायचा. आमच्या सेलूला आख्ख्या गल्लीत एक टीव्ही. मी खिडकीत लटकून बघायचो. खाली नाली होती. किशोरकुमारचं शीर्षकगीत सुरू झालं की हात सुटायचा. दोनदा पडलो.

गंजगोलाईकर
'जी मंत्रीजी'च द्या ना ताई. हिंदी आहे, सबटायटलचा प्रश्नच मिटला.

परभणीची_लेक
सगळ्यांचे आभार. बजेट 2500 आहे हो, 55 इंची नाही. 'जी मंत्रीजी' अण्णांनी पाहिलेलंच आहे, मूळ बघायची हौस आहे. टेपवाला काका, प्लेअरमागचं स्टिकर आईनं पुसून पुसून पांढरं केलंय, गोल दिसतो, आकडा दिसत नाही.

कोड_अँड_कुरडई
सॉफ्टवेअरमध्ये आहे, पुण्यात राहतो, मूळचा अंबाजोगाईचा. एवढा घोळ कामून घालायलाव? लॅपटॉपला बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडा, सगळं पेन ड्राइव्हवर उतरवा, पेन ड्राइव्ह टीव्हीला खोचा. झालं.

टेपवाला_नांदेड
तुम्हाला झालं, अण्णांना नाही. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह कुठं खोचणार, अँटेनात? आणि कुणी तो बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह सरळ स्मार्ट टीव्हीच्या यूएसबीत खोचायला सांगितलं तर खोचू नका, बहुतेक टीव्हीला तो वाचताच येत नाही. शिवाय कॉम्प्युटरच्या ड्राइव्हलाही रीजन असतं, पाचदा बदलता येतं, मग कुलूप.

कोड_अँड_कुरडई
काका, व्हीएलसी हे व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर टाकलं की बऱ्याच ड्राइव्हवर रीजनचा प्रश्न येत नाही. पण बरं, तुमचंच खरं.

हिमरू_शाल
रीजनचं लक्षात ठेवा ताई, ब्रिटनचं 2 असतं. आणि परदेशातून सरळ मागवू नका. माझ्या भाच्यानं एकदा कुठला तरी संच मागवला, कुरिअरवाला दारात ड्यूटी अन् वर हाताळणी खर्च मागायला लागला. संचापेक्षा तेच जास्त.

रात्रपाळी_वाला
ब्लू-रे घ्या, क्लॅरिटी बघा.

टेपवाला_नांदेड
कशाची क्लॅरिटी? ती मालिका 1980 ते 88 दरम्यान लंडनच्या स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून, व्हिडिओ टेपवर घेतलेली. टेपवर जेवढ्या रेघा आहेत तेवढ्याच येणार, ब्लू-रे काय वरून पेरणार आहे? उलट ताईंना सांगून ठेवतो, बाहेरचं दृश्य आलं की चित्र एकदम वेगळं, जरा दाणेदार दिसतं. ते फिल्मवर घेतलेलं असायचं. डिस्क खराब म्हणून परत पाठवू नका, माझ्याकडं गिऱ्हाइकं त्यावरून भांडायची.

अन् चित्र चौकोनी आहे, चारास तीन. मोठ्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. मग घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन ते 'भरून' टाकतं अन् हम्फ्री आडवा सुटतो. नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी भोकं नसतात, एखादं बारीक भोक असतं, त्याची वेगळी पिन आणावी लागते. तरी माझं म्हणणं, जुन्या डबड्याच्या नादी न लागता एचडीएमआयवाला नवा प्लेअर अन् स्मार्ट टीव्ही, हेच बरं. आईंना मालिकेच्या वेळा सांभाळायला सांगा.

आवक_जावक
ब्रिटनची तेव्हाची पंतप्रधान मार्गारेट थॅचरला ही मालिका फार आवडायची. 1984 मध्ये तिनं स्वतः एडिंग्टन अन् हॉथॉर्नबरोबर एक छोटा प्रवेश केला होता. आपल्याकडं कुणी करील का?

दुधना_काठ
आपल्याकडं प्रवेशच प्रवेश चालू आहेत, ह्या पक्षातून त्या पक्षात.

बालाघाट_एक्सप्रेस
😂 हे पटलं.

परभणीची_लेक
मंडळी, झालं एकदाचं. कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही, रागावू नका.

स्टिकर वाचता येईना, टेपवाला काकांनी दिलेले आकडे दाबायला रिमोटचं 4 अन् 7 चालत नव्हतं. म्हणून सरळ जुगार खेळले. पुण्यातल्या एका जुन्या डीव्हीडी विकणाऱ्याकडून ब्रिटनचा वापरलेला संच घेतला, टपालासकट 1900. त्याला आधी फोटो पाठवायला लावले: मागच्या बाजूचा सबटायटलचा मजकूर, अन् भागांची यादी. 38 मोजले. मेकॅनिकनं बेल्ट बदलला, भिंग पुसलं, 180 घेतले. 'नवीनच घ्या' म्हणाला, पण हेड गेलं म्हणाला नाही. प्लेअरनं रीजन 2 ची डिस्क मुकाट्यानं घेतली. पिवळी वायर जुनी होती, चित्र काळं-पांढरं यायला लागलं तेव्हा पोटात गोळा आला. पिन हिरव्या भोकात गेली होती. काढून पिवळ्यात घातली, रंग आले.

आणि हो, मागच्या खोलीतल्या पिक्चर ट्यूबवरच लावलं. पट्टे नाहीत, पूर्ण काच भरून दिसतं. पहिला भाग 25 फेब्रुवारी 1980 चा आहे हे अण्णांनीच सांगितलं, तेव्हा ते कारकून म्हणून नव्यानं लागले होते.

पंच्याहत्तरीच्या दिवशी दोन भाग पाहिले. सुरुवातीला घड्याळाच्या टोल्यांसारखं संगीत वाजलं तेव्हा हसले, मग चष्मा काढून पुसला, मग सबटायटल वाचत गप्प. तिसऱ्या दिवशी गेले तर शंभर पानी वहीला रेघा मारलेल्या. अनुक्रमांक, भाग, दिनांक, शेरा. पाकिटांवर चिकटपट्टी लावून नंबर टाकलेले. मला वाटलं शेऱ्यात गंमत लिहिली असेल, तर पहिल्या ओळीला 'पाहिले. हॅकर यांना नियम माहीत नाहीत.' दुसऱ्या ओळीला 'पाहिले. सचिवांचे म्हणणे ग्राह्य.' हॉस्पिटलच्या भागापुढं नुसतं 'पुन्हा सादर करावे.'

आवक_जावक काका, तुमचा विषय काढला. ते म्हणाले, नंबर घेऊन ठेव.

आवक_जावक
व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. कृपया अवलोकन व्हावे.

नवीन_सभासद_22
धागा वाचला नाही पूर्ण. डीव्हीडी घेऊ नका, नेटवर सगळं मिळतं. बजेट किती आहे?